डाव्या पायावरची लंगडी

काष्टी, १० ऑगस्ट

आराधना,

नमस्कार-चमत्कार घालत नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही. तू नंबर बदललास. तुझ्या आईकडं, दीनामावशीकडं, नवा नंबर मागितला तर म्हणाली, "तिनं शपथ घातलीय गं बाई, तिच्या जिवाची शपथ म्हणून." पण पत्ता देऊ नको अशी शपथ घालायला तू विसरलीस. आता नागापूरला तुझ्या मामांच्या दारात पोस्टमन येणारच, आणि त्याला काही तुला ब्लॉक करता यायचं नाही. पाकिटावर अहिल्यानगर लिहिलंय, पोचायला हवं. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, तेव्हा सावकाश वाच.

पहिली बातमी, मी चालते. दुसरी, मी पळते सुद्धा, पण सरळ रेषेत. वळायला अजून परवानगी नाही. खो-खोमध्ये सरळ पळणाऱ्या माणसाचं काय काम असतं ते तू सांग.

गेल्या दिवाळीनंतर सरावाला तू खांबावरून सूर मारलास, तुझा हात माझ्या पाठीला लागला, मी वळता वळता डाव्या पायावर आले आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटला. तुला माहीत असलेलंच लिहितेय, कारण त्या दिवसानंतर आपण यावर एक शब्द बोललेलो नाही. बोलायला तू होतीस कुठे? ऑपरेशनच्या वेळी नाहीस, घरी आणलं तेव्हा नाहीस. मी कुबड्या घेऊन तुमच्या घरी आले तेव्हा मावशी म्हणाली, आराधना मामाकडे गेली, खो-खो सोडला, एमआयडीसीत पॅकिंगला लागली. मला इतका संताप आला की चहा न घेताच परत आले. मावशीचा चहा मी आजवर कधी सोडलेला नाही.

असो. आपल्या शाळेत नवे सर आलेत, नोहा सर. मूळचे पारनेरचे, पुण्याला शिकलेले. त्यांनी मला मैदानावर पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "खेळाडू आहेस की बघायला आलीस?" मी म्हटलं, "खेळाडू आहे." तर म्हणाले, "मग एका पायावर उडी मार."

परीक्षा ऐक. उजव्या पायावर उभं राहायचं, त्याच पायानं पुढे झेप घ्यायची, त्याच पायावर उतरायचं आणि पुतळ्यासारखं थांबायचं. टेपनं मोजायचं. मग तेच डाव्या पायावर. डाव्याची उडी उजव्याच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे, मगच मैदानात पाय ठेवायचा. दोन पायांत फार फरक असला की गुडघा पुन्हा जाऊ शकतो, असं सर म्हणतात.

मी उजव्यानं मारली तर सरांनी टेप दोनदा तपासला. डाव्यानं मारली तर त्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला.

ऑक्टोबरात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. ज्युनिअर गटातलं माझं हे शेवटचं वर्ष. अण्णांनी स्पष्ट सांगितलंय, "सर व्हय म्हनले तर खेळ. न्हाई म्हनले तर नर्सिंगचा फॉर्म भरायचा आन् मैदानाचं नाव काढायचं न्हाई. मला पुन्हा दवाखान्याच्या बाकावर झोपायचं न्हाई." नर्सिंग वाईट नाही गं. पण मला खेळायचंय.

उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिणार आहे.

तुझ्यावर चिडलेली,
नंदी

काष्टी, ३१ ऑगस्ट

आराधना बाईसाहेब,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू ठेवून घेतलंस. एवढ्यावर मी खूश आहे.

सरांनी माझ्या डाव्या पायाचं काय चालवलंय ते सांगते. शाळेच्या ओट्यावर एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय खाली जमिनीला टेकेपर्यंत सावकाश बसत यायचं. इतकं सावकाश की पहिल्या दिवशी मी मध्येच रडले. मग एका पायावर उठाबशा. मग ओट्यावरून खाली उडी, आणि सर मोबाईलवर शूटिंग करणार. घरी येऊन अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "गुडगा बघ की कसा आत पडतूय." सरही तेच म्हणाले होते. उतरताना गुडघा आत कलला तर ती उडी मोजायचीच नाही, कितीही लांब असो.

अण्णांना या सगळ्याचं भलतंच वेड लागलंय. खताच्या गोणीत वाळू भरून मला वजन करून दिलं. शिवणाच्या टेपनं माझ्या मांड्या मोजतात आणि डावी बारीक भरली की आईला म्हणतात, "हिला तूप वाढ, पन डाव्या अंगानं." आई म्हणते, "तुमाला वाढते आधी."

परवा त्यांनी स्वतःची उडी मोजून घेतली. धोतर खोचून, ओट्याला हात लावून, एक उजव्यानं, एक डाव्यानं. डावा पाय पुढे. इतका पुढे की नोहा सर पण चक्रावले. मग सरांनीच विचारलं, "ट्रॅक्टर किती वर्षं चालवता?" अण्णा म्हणाले, "हिच्या जन्माच्या आधीपासनं." "मग बरोबर आहे. डावा पाय क्लचवर." तेव्हापासून अण्णा बाजारात भेटेल त्याला एका पायावर उभं करतात. एकानं विचारलं, "काकासाहेब, डोकं ठिकाणावर हाय ना?" अण्णा म्हणाले, "डोक्याचं नंतर बघू, तू उजवा पाय उचल."

तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस. इथं मी एकटीच हसते, त्यात मजा येत नाही.

माझे टक्के वाढलेत. नव्वदला अजून बराच पल्ला आहे. पण सर म्हणतात, वाढतंय ना, मग तोंड बंद आणि पाय चालू.

तुझ्या पॅकिंगच्या कामात उभं राहावं लागतं का दिवसभर? कुठल्या पायावर जास्त भार टाकतेस ते बघ एकदा. सवय लागलीय मला सगळ्यांचे पाय बघायची, त्याला काय करू?

नंदी

काष्टी, २२ सप्टेंबर

आराधना,

आज मी फार मोठी लबाडी केली आणि फार वाईट पकडले गेले. तुलाच सांगते, कारण तू कोणाला सांगणार नाहीस, बोलतच नाहीस ना कोणाशी.

झालं असं. डावा पाय वाढतोय, पण मेला उजवाही वाढतोय. सर दोन्ही पायांकडून मेहनत करून घेतात ना. डावा दोन बोटं पुढे गेला की उजवा तीन. टक्के जिथल्या तिथे. मी म्हटलं, ही कुठली शर्यत, यात माझाच पाय माझ्या पुढे पळतो.

मग काल डोक्यात आलं, डावा वाढत नाही तर उजवा कमी करू. आज सरांनी मोजायला घेतलं तेव्हा उजव्यानं मी अशी उडी मारली, जशी आपण पाचवीत असताना चिखल चुकवायला मारायचो. तोंडावर मात्र पूर्ण जोर. दात-ओठ खाऊन. मग डाव्यानं जीव तोडून. सरांनी मोबाईलवर हिशोब केला आणि म्हणाले, "ब्याण्णव."

मी नाचले गं. अण्णा बांधावर उभे होते, त्यांना ओरडून सांगितलं. ते पळतच आले, डाव्या पायावर जोर देत.

सरांनी जुने आकडे काढले. मोबाईल माझ्यापुढे धरला. "मागच्या वेळी तुझा उजवा इथं होता. आज इथं. तीन आठवड्यांत तुझा चांगला पाय आजारी पडला का?"

अण्णा म्हणाले, "म्हंजी? ब्यान्नव झालं ना?"

सर म्हणाले, "काकासाहेब, दोन्ही पाय दुबळे असले तरी टक्के शंभर भरतात. मला टक्के नकोत, पाय पाहिजे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला फसवलंस तर चालेल. गुडघ्याला कसं फसवशील?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. अण्णा जेवताना फक्त म्हणाले, "पुढच्या रविवारी शेवटची. मग मी फॉर्म आनतो."

आराधना, मला भीती वाटतेय. सरळ लिहिते. मी जितकी मेहनत करायची तितकी करतेय, तरी डावा पाय उजव्याच्या जवळ जात नाही. गुडघा दुखत नाही, सुजत नाही, पण आकडा काही केल्या हलत नाही. रविवारी नाही झालं तर संपलं. मग मी पण तुझ्यासारखी कुठंतरी निघून जाईन आणि कोणाच्या पत्राचं उत्तर देणार नाही.

नंदी

काष्टी, २९ सप्टेंबर

आराधना,

काल काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथंच होतीस. पण तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून माझ्या बाजूनं कसं दिसलं ते लिहिते. ऐकून घे.

सकाळी मी उजव्यानं खरी उडी मारली, डाव्यानंही खरी मारली. सरांनी आकडा सांगितलाच नाही, नुसती नकारार्थी मान हलवली. अण्णा टोपी काढून हातात घेऊन उभे. मी बूट सोडायला खाली बसले. तेवढ्यात फाटकातून मामांची स्कूटी आत आली, फुर्रफुर्र करत, आणि वर तू. कंपनीचा निळा ड्रेस, त्यावर ओढणी, वजन कमी झालेलं. मला वाटलं, माझ्याकडे येतेस. मी उठून उभी पण राहिले. आणि तू माझ्या बाजूनं वारं गेल्यासारखी गेलीस, थेट नोहा सरांकडे.

"सर, तुमी हिला कशाशी मोजताय?" ना नमस्कार, ना ओळख. दीनामावशी आवारात असती तर तिनं तुझा कान धरला असता.

सर म्हणाले, "तिच्या उजव्या पायाशी. आपण कोण?"

"तिच्या उजव्या पायासारखा पाय कोनाचाच न्हाई, सर. तिसरीपासनं लंगडीत तालुक्यात पहिली हुती ही. लंगडीत पाय बदलला की बाद. हिनं आख्ख्या जन्मात डाव्या पायावर लंगडी घातली न्हाई. मोडायच्या आधी सुद्धा डाव्यावर चार पावलं टाकली की ही पडायची. आमी हसायचो. आन् तुमी म्हनताय, डावा उजव्याइतका कर. तो कधी हुताच न्हाई."

इतके दिवस मी, सर, अण्णा, कोणाच्या डोक्यात हे आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं, पाय माझे. पण लंगडी म्हणजे उजव्यावरच, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की मला तो फरक वाटलाच नाही.

सरांनी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "आपण मोजतोय ते बरोबर मोजतोय, पण ज्याच्याशी तोलतोय ते चुकतंय." आणि तू मागं वळलीस, स्कूटीला किक मारलीस आणि गेलीस. मी हाक मारली ती तुला ऐकू आली होती. मला माहीत आहे, कारण तू स्कूटी हळू केलीस.

पुढचं तुला माहीत नाही. सर मला आणि अण्णांना घेऊन दुपारीच श्रीगोंद्याला गेले, तिथल्या जिममध्ये. खुर्चीवर बसून एकेका पायानं वजन उचलायचं मशीन आहे. तिथं लंगडीचं कसब चालत नाही, नुसती मांडीची ताकद लागते. उजवा आणि डावा जवळजवळ बरोबरीत. मग परत येऊन आपल्या टीममधल्या सगळ्या मुलींच्या डाव्या पायाच्या उड्या घेतल्या. माझा डावा सगळ्यांच्या पुढे. मग शूटिंग, ओट्यावरून, वळून, दमल्यावर. गुडघा आत पडला नाही. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही मान्य केलं.

सर अण्णांना म्हणाले, "खेळू दे." अण्णांनी टोपी घातली, काढली, परत घातली. मग बांधावर जाऊन बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "धूळ लई हाय हितं."

आता माझं म्हणणं. काल तू स्वतःच्या तोंडानं म्हणालीस की माझा डावा पाय आधीपासून कच्चा होता. मग वर्षभर तू कसलं खापर डोक्यावर घेऊन फिरतेस? मी सरांना विचारलं, तुझा हात लागला म्हणून गुडघा गेला का. ते म्हणाले, असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. हात तर प्रत्येक डावात लागतो. तो पाय एकट्यानं उतरायला कधी शिकलाच नव्हता, कधीतरी जायचाच असेल. मी त्यांना म्हटलं, हे कागदावर लिहून द्या, एकीला पाठवायचंय. ते हसले.

तुझ्यावर मी रागावले ते हात लागला म्हणून नाही गं. बाद करणं तुझं काम आहे, तू ते केलंस. रागावले ते तू आली नाहीस म्हणून. दवाखान्यात मी दारावर कोणी आलं की बघायची. सगळी शाळा येऊन गेली.

सरांनी नवा व्यायाम लावलाय, डाव्या पायावर लंगडी. रोज संध्याकाळी मैदानभर. मी पडते आणि आख्खी टीम हसते. चाचणी १२ ऑक्टोबरला नगरला आहे, नागापूरपासून लांब नाही. रविवारच आहे, कंपनीतून सुट्टी काढ.

नंदी

काष्टी, १३ ऑक्टोबर

आराधना,

तू आली होतीस. झाडाखाली, पाण्याच्या टाकीजवळ, मामांच्या पोरींच्या मागं लपून. लपतेस तर निळी ओढणी तरी घालू नये. मी सकाळीच पाहिलं होतं, पण म्हटलं, राहू दे, बसू दे तिला.

पहिल्या डावात मी बिचकत खेळले. खांबाकडे गेलेच नाही, मधेच बसलेल्या मुलींमधून फिरत राहिले आणि लवकर बाद झाले. सर जवळ आले आणि म्हणाले, "पाय बरा आहे, आता तू बरी हो." अण्णा दोरीबाहेरून ओरडले, "डावा, नंदे, डावा." शेजारचा माणूस विचारत होता, ह्यांचा कुठला पक्ष.

दुसऱ्या डावाला आमच्या तुकडीतल्या दोघी पटकन गेल्या, मी एकटी उरले. समोर पारनेरची ती उंच मुलगी, सूर मारण्यात जिल्ह्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. निवड करणारे तिथंच खुर्च्या टाकून बसलेले. मी खांबाकडे पळाले आणि मला ठाऊक होतं, ही आता झेपावणार. मागं पावलं ऐकू आली. तसाच खांब, तसंच वळण, तशीच मागून येणारी. तेव्हा मला त्या मुलीची भीती वाटली नाही. मी एका नजरेत तुझ्याकडे बघितलं.

तू ओढणीनं डोळे झाकून घेतले होतेस. दोन्ही हातांनी, घट्ट. मामांची पोरगी तुझा हात ओढत होती आणि तू हलत नव्हतीस.

नंतर तू उघडलेस तोवर शिट्टी झाली होती, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी गर्दीतून तुझ्याकडे येईपर्यंत स्कूटी गेलेली. काल रात्री दीनामावशी आमच्याकडे आली. म्हणाली, तू मामांकडं पोचून तिला फोनवर विचारत होतीस, "नंदी पडली का गं? पोरी न्हाई म्हनतात, तू खरं सांग." तिला काय माहीत, ती बिचारी चर्चला गेली होती. यादीत माझं नाव लागलंय, ते तुला कळलंच असेल. पण तू यादीचं विचारलं नाहीस.

तू पाहिलं नाहीस म्हणून मी लिहिते.

तिनं सूर मारला. तिची बोटं माझ्या पाठीला लागता लागता राहिली. मी खांबाला धरून वळले आणि डाव्या पायावर उतरले, एकट्या डाव्या पायावर. गुडघा आत पडला नाही. मी पडले नाही, आराधना. उतरले आणि उभी राहिले.

नंदी